एकच बिल, दोन ओळी : फ्रीलान्सरचा टीडीएस चुकीचा दिसतो तेव्हा

(एपिसोडचा लिखित मजकूर. बोलण्याच्या ओघातलं फार बदललेलं नाही.)

२०२५ मध्ये रिटर्न भरायची तारीख ३१ जुलैवरून १५ सप्टेंबर २०२५ केल्यामुळे आपल्यातले बरेच जण ऑगस्ट संपत आला तरी निवांत होते. मेसेजेसमध्ये एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतोय. "क्लायंटने पाठवलेला फॉर्म १६ए एक सांगतो, पोर्टल दुसरंच सांगतं, आणि माझ्या बँकेत आलेले पैसे तिसरंच. खरं कुठलं धरू?"

आधीच सांगतो, मी सीए नाही. पण जे लोक स्वतःच्या नावाने काम करतात, बिलं पाठवतात, पगारदार नाहीत, त्यांच्यासाठी हा विषय समजून घेणं अवघड नाही. एचआर नावाचा माणूस आपल्याला नसतो, त्यामुळे हे आपल्यालाच बघावं लागतं.

तर कागद कुठले? तीन आहेत. पहिला फॉर्म १६ए. हा तुमचा क्लायंट देतो, दर तिमाहीला. दुसरा फॉर्म २६एएस, म्हणजे तुमच्या पॅनवर कोणी किती टीडीएस जमा केला त्याचा उतारा. आणि तिसरा एआयएस, नोव्हेंबर २०२१ मध्ये आलेला, ज्यात टीडीएसच्या पलीकडे बँकेचं व्याज, शेअर, म्युच्युअल फंड, जीएसटीची उलाढाल असं सगळं येतं. मोबाइलवर 'एआयएस फॉर टॅक्सपेयर' नावाचं अ‍ॅप आहे, त्यात दिसतो. पीडीएफ उतरवलीत तर पासवर्ड म्हणजे पॅन छोट्या अक्षरांत आणि पुढे जन्मतारीख.

आता एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. हे तीन कागद म्हणजे तीन वेगळे साक्षीदार नाहीत. टीडीएसपुरतं बोलायचं तर तिन्ही एकाच ठिकाणाहून येतात. क्लायंट दर तिमाहीला २६क्यू नावाचं स्टेटमेंट भरतो, त्यात तुमचा पॅन, रक्कम, कापलेला कर आणि तारीख असते. तिथून ते २६एएसमध्ये जातं, एआयएसमध्ये जातं, आणि फॉर्म १६एसुद्धा ट्रेसेस पोर्टलवरून त्याच डेटामधून तयार होतो. म्हणजे २६क्यू चुकलं की तिन्हीकडे चूक. "तिन्हीकडे तेच दिसतंय म्हणजे बरोबरच असणार" हा तर्क म्हणूनच फसवा आहे. स्वतंत्र साक्षीदार दोनच, तुमची बिलं आणि तुमचं बँक स्टेटमेंट.

(आणि हो, क्लायंटने वर्डमध्ये टाइप करून लेटरहेडवर पाठवलेला 'फॉर्म १६ए' हा फॉर्म १६ए नव्हे. खऱ्यावर सर्टिफिकेट नंबर असतो.)

आता एका मित्राची गोष्ट. तो नाशिकला असतो, अ‍ॅप्स बनवतो. पुण्यातल्या एका एजन्सीला त्याने २०२४-२५ मध्ये चार बिलं दिली, प्रत्येकी ८०,००० ची. दर बिलावर १० टक्के, म्हणजे ८,००० कापून ७२,००० हातात. चार बिलं, ३,२०,००० उत्पन्न, ३२,००० टीडीएस. सरळ हिशोब.

जूनमध्ये त्याने २६एएस उघडला तर एजन्सीच्या नावाखाली पाच ओळी. बेरीज ४,००,०००. टीडीएस ४०,०००.

त्याने बिलं समोर ठेवून एकेक ओळ लावली, तेव्हा कळलं की डिसेंबरचं बिल दोनदा आलंय. एकदा ३१ डिसेंबर २०२४ तारखेने, तिसऱ्या तिमाहीत. एकदा १४ जानेवारी २०२५ तारखेने, चौथ्या तिमाहीत. पैसे मात्र एकदाच आले होते, १४ जानेवारीलाच.

हे होतं कसं? कलम १९४जे सांगतं की रक्कम तुमच्या खात्यावर जमा दाखवली तेव्हा किंवा प्रत्यक्ष दिली तेव्हा, यातलं जे आधी घडेल तेव्हा कर कापायचा. एजन्सीने ३१ डिसेंबरला बिल हिशोबात घेतलं, कर कापला. बरोबर केलं. मग १४ जानेवारीला पैसे सोडताना दुसऱ्या कोणीतरी पुन्हा टीडीएसची एंट्री टाकली. आपल्या क्षेत्रातल्यांना हे लगेच कळेल. एकच रिक्वेस्ट दोनदा आली आणि सर्व्हरने ती आधी झाली आहे का ते तपासलंच नाही. बिल नंबर हा २६क्यूमध्ये जातच नाही, त्यामुळे पलीकडच्या सिस्टिमला ही दोन वेगळी बिलं आहेत की एकच, हे ओळखायचा मार्ग नाही.

मित्राने एजन्सीच्या अकाउंटंटला फोन लावला. त्याचं उत्तर ऐकण्यासारखं आहे. म्हणाला, "अरे, तुझा तर फायदाच झाला ना! आठ हजार जास्त दिसतायत, क्रेडिट घेऊन टाक. आमचं नुकसान आम्ही बघू."

आणि खरं सांगायचं तर गणित त्याच्या बाजूचं होतं. मित्राची वर्षाची एकूण आवक ११ लाख. तो ४४एडीए कलमाखाली रिटर्न भरतो, म्हणजे आवकेच्या निम्मी रक्कम उत्पन्न धरायची, ५.५ लाख. नव्या पद्धतीत २०२४-२५ साठी ७ लाखांपर्यंत रिबेटमुळे कर शून्य. कापलेला सगळा टीडीएस परत. आता ती खोटी ८०,००० ची ओळ धरली तर आवक ११.८ लाख, उत्पन्न ५.९ लाख, कर तरीही शून्य, आणि रिफंड ८,००० ने जास्त. कोणाला कळणार? २६एएसमध्ये तर दिसतंय.

मला विचाराल तर हा सापळा आहे, आणि कारण फक्त नैतिक नाही. टीडीएसचं क्रेडिट एकटं घेता येत नाही, ज्या उत्पन्नावर तो कापला ते उत्पन्न दाखवावं लागतं. म्हणजे कधीच न मिळालेले ८०,००० मिळाले असं लिहून, 'ही माहिती खरी आहे' यावर सही करायची. दुसरं, त्या एजन्सीचा सीए कधीतरी ताळा करणारच. जादा भरलेले ८,००० त्याच्या डोळ्यांवर येतील, तो करेक्शन करेल, तुमच्या २६एएसमधून ती ओळ उलटेल. तोवर रिफंड खर्चून झालेला असेल, आणि कलम १५४ खाली आदेश दुरुस्त करायला खात्याकडे, आदेश झाला ते आर्थिक वर्ष संपल्यापासून चार वर्षं असतात. तेव्हा येणारी डिमांड नोटीस कोणाच्या नावाने येईल? अकाउंटंटच्या नक्कीच नाही.

मग मित्राने दोन गोष्टी केल्या. दोन्ही लागतात, आणि लोक सहसा एकच करतात.

पहिली, एआयएसमध्ये फीडबॅक. त्या ओळीवर टॅप केलं की पर्याय येतात. माहिती बरोबर आहे, पूर्ण बरोबर नाही, दुसऱ्या पॅनची किंवा वर्षाची आहे, ड्युप्लिकेट आहे किंवा दुसऱ्या माहितीत आलेली आहे, मान्य नाही, वगैरे. ड्युप्लिकेट निवडायचं, पण फक्त खोट्या ओळीवर. दोन्ही ओळींवर ड्युप्लिकेट मारून बसलात तर डिसेंबरचं उत्पन्नच नाकारल्यासारखं होतं. कुठली खोटी हे तारखेवरून ठरतं. इथे ३१ डिसेंबरची खरी, कारण हिशोबात जमा आधी झालं. मे २०२४ पासून एक चांगली सोय आली आहे. तुमचा फीडबॅक क्लायंटकडे गेला का, कधी गेला, त्याने मान्य केलं की फेटाळलं, हे तिथेच दिसतं.

पण फीडबॅकने २६एएस बदलत नाही! इथे सगळे फसतात. फीडबॅक दिला की एआयएसच्या सारांशात, म्हणजे टीआयएसमध्ये, आकडा बदललेला दिसतो आणि वाटतं काम झालं. २६एएस मात्र क्लायंटने २६क्यूचं करेक्शन स्टेटमेंट भरलं तरच बदलतो. तुमच्याकडे ते बटणच नाही.

म्हणून दुसरी गोष्ट, ईमेल. फोन नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर "सर जरा बघा ना" नाही. मित्राने पाठवलेला मजकूर साधारण असा होता:

"माझ्या पॅनवर २०२४-२५ च्या चौथ्या तिमाहीच्या २६क्यूमध्ये, कलम १९४जे, दिनांक १४ जानेवारी २०२५, रक्कम ८०,०००, टीडीएस ८,००० अशी नोंद आहे. हे डिसेंबरचंच बिल असून त्याची नोंद तिसऱ्या तिमाहीत ३१ डिसेंबर २०२४ तारखेने आधीच झालेली आहे. मला या बिलाचे ७२,००० एकदाच मिळाले आहेत. कृपया चौथ्या तिमाहीचं करेक्शन स्टेटमेंट भरून ही नोंद काढावी आणि सुधारित फॉर्म १६ए पाठवावा. बिल, बँकेचा उतारा आणि २६एएस सोबत जोडला आहे."

बघा, यात तक्रार नाही, राग नाही. अकाउंटंटला उघडायची फाइल, शोधायची ओळ आणि करायचं काम, तिन्ही हातात दिलंय. वर मित्राने एक ओळ गोड लिहिली होती, की ते ८,००० चलानात शिल्लक राहतील आणि तुम्हाला दुसरीकडे वापरता येतील. त्या ओळीने जास्त काम केलं असं माझं मत. समोरच्याला स्वतःचे पैसे परत मिळणार म्हटल्यावर हात लवकर चालतात.

करेक्शन झालं की २६एएसमध्ये काय दिसेल तेही सांगतो, कारण पहिल्यांदा बघताना घाबरायला होतं. जुनी ओळ गायब होत नाही. तीच ओळ उणे चिन्हासह खाली येते. ८०,००० आणि मग उणे ८०,०००. रक्कम फक्त सुधारली असेल तर उणे ओळीनंतर नवी अधिक ओळ येते. बेरीज करताना उणे धरायला विसरलात तर दुप्पट उत्पन्न झालंय असं वाटेल. बँकेच्या पासबुकात रिव्हर्सल येतं ना, तसंच आहे हे.

याच कारणाने दोन फॉर्म १६ए हातात येतात. एकाच तिमाहीचे, एकाच क्लायंटचे, आकडे वेगळे. लोक दोन्हीची बेरीज करतात. बेरीज नाही करायची. दुसरा पहिल्याच्या जागी आलेला असतो. दोन्हींवर 'लास्ट अपडेटेड ऑन' अशी तारीख असते, ती बघा, नवीन ठेवा, आणि तरीही शेवटी २६एएसशी ताडून बघा.

आता दोनदा दिसतं पण चूक नसते अशाही गोष्टी आहेत. तुमचा जीएसटी नंबर असेल तर एआयएसमध्ये टीडीएसखाली क्लायंटची रक्कम येते आणि 'इतर माहिती'खाली जीएसटीची उलाढालही येते. पैसे तेच. एआयएस हे बेरीज करायचं पान नाहीच मुळी. तिथे फीडबॅक देऊन युद्ध सुरू करू नका.

जीएसटीवरून एक खरी चूक आठवली, आणि ही फार सर्रास होते. तुमचं बिल १,००,००० अधिक १८,००० जीएसटी. क्लायंट टीडीएस कापतो १,१८,००० वर. सीबीडीटीच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार बिलात जीएसटी वेगळा दाखवला असेल तर टीडीएस फक्त मूळ रकमेवर कापायचा असतो. इथे २६एएसमध्ये तुमची आवक १८,००० ने फुगलेली दिसते. बिलावर जीएसटीची ओळ वेगळी छापा, आणि पहिल्याच बिलाला हे झालं तर पहिल्याच बिलाला सांगा. वर्षाच्या शेवटी बारा बिलांची दुरुस्ती कोणी करत नाही.

चुकीचं कलम हाही एक प्रकार. फ्रीलान्सरला क्लायंटने १९४जेऐवजी १९२ खाली टाकलं की तुम्ही पोर्टलच्या नजरेत पगारदार होता. उलटही होतं. वर्षभर नोकरी करून बाजूला एक छोटं काम केलं, त्यावर १९४जे लागलं, आणि माणूस सवयीने आयटीआर-१ भरून मोकळा. कलम १३९(९) खाली 'डिफेक्टिव्ह रिटर्न'ची नोटीस येऊ शकते. शब्द भयंकर आहे, पण अर्थ इतकाच की रिटर्न नीट करून परत पाठवा. उत्तराला १५ दिवस असतात. ज्या आवकेवर टीडीएस क्रेडिट मागितलं ती आवक रिटर्नमध्ये कमी दिसली तरी हीच नोटीस येते.

आणि सगळ्यात त्रासाचा प्रकार, ओळच नसणं. पैसे कापले, २६एएस कोरा. एकतर क्लायंटने तुमचा पॅन चुकवलाय आणि तुमचा टीडीएस दुसऱ्याच्या खात्यात जाऊन बसलाय, किंवा स्टेटमेंटच भरलेलं नाही. किंवा ओळ आहे पण स्टेटस 'एफ'ऐवजी 'यू' आहे, म्हणजे त्या ओळीला जुळणारे पैसे चलानात सापडलेले नाहीत. इथे कायदा तुमच्या बाजूने आहे. कलम २०५ म्हणतं, कर तुमच्याकडून कापला गेला असेल तर तोच कर पुन्हा तुमच्याकडून मागता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये एका पगारदाराच्या प्रकरणात हेच सांगितलं, कंपनीने कापून भरला नाही तर वसुली कंपनीकडून करा. सीबीडीटीनेही २०१५ आणि २०१६ मध्ये आपल्या अधिकाऱ्यांना अशा प्रकरणांत करदात्यावर वसुलीची सक्ती करू नका असं कळवलं होतं. पण मशीनला हे माहीत नसतं. २६एएसमध्ये नाही म्हटल्यावर क्रेडिट नाही, आणि १४३(१) ची सूचना डिमांडसकट येते. मग पोर्टलवर 'रिस्पॉन्स टु आउटस्टँडिंग डिमांड'मध्ये असहमती नोंदवायची आणि पुरावा द्यायचा. पुरावा कुठला? बिल ८०,००० चं, बँकेत ७२,०००, आणि क्लायंटचा '१० टक्के टीडीएस वजा' असा मेल. म्हणून म्हणतो, पेमेंट अ‍ॅडव्हाइसचे मेल डिलीट करू नका. जीमेलमध्ये एक लेबल पुरतं.

अशा क्लायंटला हे जरूर सांगा की टीडीएस स्टेटमेंट उशिरा भरलं तर कलम २३४ई खाली दिवसाला २०० रुपये शुल्क त्याला लागतं, कराच्या रकमेपर्यंत. मीटर त्याचं चालू आहे.

"करेक्शन येईपर्यंत रिटर्न थांबवू का?" हा सगळ्यात जास्त आलेला प्रश्न. रिटर्नच्या मुदतीपर्यंत थांबा, पुढे नाही. उशीर झाला तर ५,००० पर्यंत शुल्क, आणि जुनी करपद्धत हवी असलेल्या व्यावसायिकांना फॉर्म १०-आयईए मुदतीत भरावा लागतो, नाहीतर तो पर्याय गेला. करेक्शन आलं नाही तर तुमच्या बिलांचा खरा आकडा टाका, खऱ्या ओळींचंच क्रेडिट घ्या, ताळ्याचा एक कागद स्वतःजवळ ठेवा. नंतर आकडा बदलला तर २०२४-२५ साठी ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत रिवाइज्ड रिटर्न भरता येत होतं. त्यानंतर अपडेटेड रिटर्न आहे, पण ते कर वाढवायला. रिफंड वाढवायला ते चालत नाही, हे बऱ्याच जणांना नंतर कळतं.

उत्पन्न एका वर्षी आणि टीडीएस दुसऱ्या वर्षी असंही होतं. मार्चचं बिल क्लायंटने ३१ मार्चला धरलं, तुम्ही पैसे हातात आल्यावर उत्पन्न धरता. ही ड्युप्लिकेट नाही, चूकही नाही. रिटर्नच्या टीडीएस तक्त्यात क्रेडिट पुढच्या वर्षी न्यायचा रकाना आहे, तो वापरा. उलट झालं, म्हणजे उत्पन्न तुम्ही आधीच दाखवलं आणि क्लायंटने कर नंतरच्या वर्षी कापला, तर ऑक्टोबर २०२३ पासून फॉर्म ७१ आहे. कर कापला ते आर्थिक वर्ष संपल्यापासून दोन वर्षांत भरायचा.

नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासूनचा, मी इथे घेतलेले कलमांचे नंबर त्याआधीच्या १९६१ च्या कायद्यातले आहेत. २०२४-२५ च्या रिटर्नला १९६१ चाच कायदा.

मित्राचं काय झालं ते राहिलंच. पाच आठवडे आणि तीन आठवणीचे मेल. उणे ओळ आली. त्याने ३,२०,००० आणि ३२,००० वर रिटर्न भरलं, रिफंडची वाट बघतोय. त्या एजन्सीने पुढच्या बिलापासून मेलमध्ये टीडीएसची तारीखही कळवायला सुरुवात केली आहे, जे त्याने मागितलंही नव्हतं.

पुढच्या भागात अ‍ॅडव्हान्स टॅक्स घेऊ. त्याचा एक हप्ता १५ सप्टेंबरला असतो, पण ४४एडीएवाल्यांना तो लागत नाही, त्यांचं सगळं १५ मार्चला. तुमच्या २६एएसमध्ये काही विचित्र दिसलं तर पाठवा, फक्त पॅन खोडून पाठवा. भेटू.